खड्डा बुजवताना

नवलकोल सोलायचं काम आमच्याकडं माझं. खाली जुना पेपर अंथरायचा, साली त्यावर पाडायच्या आणि सगळी गुंडाळी करून टाकून द्यायची. इतक्या वर्षांत त्यात काही वाकडं झालेलं नव्हतं. त्या दिवशी एक ओली साल नेमकी एका फोटोवर पडली. ती सुरीच्या टोकानं उचलली तर खाली अंगठी. मधे एक मोठा डाळिंबी खडा, भोवती पाच लहान, आणि त्या पाचांतला एक बाकीच्यांपेक्षा फिका, गुलाबीकडं झुकणारा. तो खडा नव्हताच, काच होती. मूळचा पडला होता म्हणून ब्रनोच्या भाजीबाजारामागच्या सोनारानं ती काच बसवून दिली होती आणि म्हणाला होता, पोरा, मुलीचं लक्ष तुझ्याकडं असेल तर तिला कळणार नाही. यार्मिलाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. फोटोखाली लिहिलेलं मी दोनदा वाचलं. स्टारे लुहीच्या प्राचीन गढीजवळच्या संग्रहालयात नवं दालन झालंय, त्याच्या पायासाठी खणताना सत्तरच्या दशकातला उत्खननाचा एक खड्डा पुन्हा उघडला गेला, त्याच्या तळाशी या वस्तू मिळाल्या. अंगठी कुणी ओळखत असल्यास कळवावं. सुरी हातात तशीच राहिली. कारण ही अंगठी मोरावा नदीत पडली होती. पोहताना यार्मिलाच्या बोटातून निसटली होती. हे मला यार्मिलानंच सांगितलं होतं, आणि त्या सांगण्यापायी माझा उजवा कान गेला होता.

गच्चीवर यार्मिला कपडे वाळत घालत होती. माझा स्वेटर पिळताना मला दिसली, आणि इतक्या गडबडीतही मनात आलं, ही पिळते तरी कशी, माझ्या प्रत्येक स्वेटरची उजवी बाहीच आधी सैल होते, डावीला काही होत नाही. सांगून थकलो. मी पेपराचं ते पान फाडून घडी केली आणि पियानोच्या तारांच्या जुन्या डब्यात ठेवलं. संध्याकाळी ती सहज विचारावं तसं म्हणाली, तो पेपर कुठं गेला रे. म्हटलं, सालींबरोबर गेला. ती बरं म्हणाली. आता बघा, त्या पेपरात नगरपालिकेच्या नळदुरुस्त्या आणि वाढदिवसांच्या शुभेच्छा यापलीकडं काही नसतं. आमच्या लग्नाच्या आयुष्यात तिनं तो पेपर कधी मागितल्याचं मला आठवत नाही. शंकेची पाल चुकचुकली ती तिथं. म्हणजे हिनं तो फोटो पाहिलाय. पाहून गप्प बसलीय. आणि पाहूनही तो पेपर माझ्या सुरीखाली येऊ दिला, की मुद्दामच आणून ठेवला? रात्रभर मी डाव्या कुशीवर झोपलो. चांगला कान उशीत दाबला की मला जगातलं काही ऐकू येत नाही. पण आतलं येतंच.

दोन दिवसांनी मी म्हटलं, स्टारे लुहीला जाऊन येऊ या का, नवीन दालन झालंय म्हणे. माझा अंदाज होता की ती गुडघ्याचं नाव पुढं करेल, नाहीतर जर्दाळूंचा मुरंबा घालायचाय म्हणेल. तरुणपणी तिथल्या उत्खननावरून आल्यापासून तिनं त्या गढीत पाऊल टाकलं नव्हतं. शाळेत इतिहास शिकवायची, मुलांच्या सहली तिथं जायच्या, पण सहलीबरोबर नेहमी दुसऱ्या बाई जायच्या. यावर ती "जाऊ या की" म्हणाली आणि मांसाचे काप थापायला बसली. ब्रेडचा चुरा लावून तळलेले काप, पाव, आणि काकड्यांची बरणी. आमच्याकडं सहलीला निघायचं म्हणजे हे आलंच, त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. तरी ती गुणगुणत काप तळत होती ते मला आवडलं नाही. जिच्या पोटात काही आहे तिनं गुणगुणू नये.

गाडीत ती माझ्या उजव्या बाजूला बसली. ती नेहमीच उजव्या बाजूला असते. रस्त्यात, ट्रॅममध्ये, चर्चच्या बाकावर, पाहुण्यांकडं. कान गेल्यावर सुरुवातीला मी सांगून पाहिलं, की बाई, डावीकडं ये, तिकडून मला काही कळत नाही. दोन पावलं डावीकडं चालायची आणि पुन्हा उजवीकडं. मग मी सांगायचं सोडलं, पण विचार करायचं नाही सोडलं. एखादी बाई जन्मभर नवऱ्याच्या बहिऱ्या कानाशी का बोलते? त्यानं ऐकू नये असं तिच्याजवळ काहीतरी असतं, आणि ते बोलल्याशिवाय तिला राहवतही नसतं, म्हणून. होडोनिन येईपर्यंत ती खिडकीकडं बघून काहीबाही बोलत होती. मला "पाणी" एवढा शब्द कळला. म्हटलं, काय पाणी? म्हणाली, यंदा शेतांत पाणी फार साचलंय. असेलही. शेतांत खरंच पाणी होतं.

अंगठी गेली त्या शनिवारीही मी याच गाडीनं आलो होतो, सायकल मालडब्यात टाकून. ऑगस्ट संपत आला होता. यार्मिला विद्यार्थ्यांच्या उत्खननावर गेली होती आणि मी ब्रनोच्या पियानो कारखान्यात सूर लावायचं शिकत होतो. उस्ताद म्हातारा होता आणि माझ्या कानावर खूश होता. दोन तारा एकत्र वाजल्या की त्यांच्यामधे एक थरथर असते, ती मला दुसऱ्या खोलीतून ऐकू यायची. साखरपुडा झाला होता, आईनं वरची खोली रिकामी करून दिली होती, पडद्यांचं कापड मी निवडून ठेवलं होतं. नदीकाठी यार्मिला उभी होती, हात मागं धरून. मी सायकल टाकली तशी तिनं हात पुढं केले, आणि बोट मोकळं. "अंगठी गेली, विलेम. पाण्यात." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला विचारलं कुठं, तिनं कुठंतरी बोट दाखवलं, आणि मी कपडे काढून आत शिरलो. मोरावा म्हणजे गढूळ ताकासारखं पाणी, तळाशी हात घातला की गाळ कोपरापर्यंत. डासांनी डोकं भरून जायचं म्हणून श्वास घेऊन पुन्हा खाली. अंधार पडेपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून. आठवड्यानं कान फुटला. ब्रनोच्या इस्पितळात त्यांनी काय करायचं ते केलं, पण ती थरथर पुन्हा काही ऐकू आली नाही. उस्तादानं माझ्यापुढं एक पियानो ठेवला, मी लावला, त्यानं झाकण बंद केलं आणि मला पियानोच्या लोकर-तारांच्या कोठारात पाठवलं. तिथंच मी निवृत्त झालो. आणि तरी खरं सांगतो, त्या दोन दिवसांचा मला मनातून अभिमान होता. आयुष्यात मी फारसं काही केलं नाही, पण एकदा एका मुलीसाठी नदीचा तळ चाचपला होता. मन खट्टू झालं की मी ते काढून बघायचो. आता त्यात ती अंगठी नव्हतीच, हे कळल्यावर ते कुठं ठेवायचं?

संग्रहालयात गर्दी बेताची होती. दारातच ते जुन्या नदीपात्रात मिळालेलं सामान मांडलंय. अख्ख्या झाडाची कोरलेली होडी, पुलाचे खांब, जाळ्यांची वजनं, कुऱ्हाडी, आणि पुलावरून जाताना कुणाकुणाच्या कानातून पडलेली चांदीची कर्णभूषणं. हजार-अकराशे वर्षं गाळात पडून सगळं शाबूत. पूर्वी इथलं काही वर्तमानपत्रात आलं की मी याच आशेनं वाचायचो, की नदी हरवत नाही, सांभाळून ठेवते. कधीतरी कुणाच्या तरी जाळीत आपलीही येईल. यार्मिला त्या कर्णभूषणांपुढून भराभरा गेली. थांबली ती एका फोटोपुढं. उत्खननाचे जुने प्रमुख, डॉक्टर हिनेक कोउत्नी, फावड्यावर हात टेकून, तोंडात पाईप. चांगलाच थांबली. मी मागं उभा राहून तिच्या पाठीकडं बघत होतो. पाठ काही सांगेल तर शपथ. त्या काळी ती पत्रांतून लिहायची, हिनेक असं म्हणाला, हिनेकनं तसं दाखवलं. आणि एका पत्रापासून हिनेक एकदम नाहीसा झाला होता. तेव्हा मला बरं वाटलं होतं. अक्कल कमी होती. बाईच्या बोलण्यातून माणूस जातो तेव्हा तो कुठं गेला ते बघावं.

शेवटच्या खोलीत ती काचेची पेटी होती. पेटीत काकड्यांची एक जुनी रुंद तोंडाची बरणी, झाकण गंजलेलं, आणि तिच्यापुढं मखमलीवर तिच्यातून निघालेल्या वस्तू: त्या उत्खननाच्या सालचं एक नाणं, एक पाईप, तुटकी कंगवी, आणि अंगठी. मी पाईपाकडं आधी पाहिलं. पाईप आणि अंगठी शेजारी शेजारी. आपोलेना नावाची एक तरुण बाई, तिथलीच संशोधक, सात-आठ लोकांना समजावून सांगत होती. म्हणाली की खड्डा बुजवताना तळाशी आपल्या काळातलं काहीतरी ठेवायची खोदणाऱ्यांची रीतच आहे. पुढं कधी कुणी तिथं खणलं तर त्याला कळावं, की इथवर आधी कुणी येऊन गेलंय, ही माती हललेली आहे. ही रीत मला ठाऊक होती, यार्मिलानंच कधीतरी सांगितलेली; नाणं टाकतात म्हणाली होती. आणि त्या क्षणी मला आशा वाटली. कुणी हसलं तर हसो. वाटलं, पोरीनं आपली सगळ्यांत मोलाची वस्तू ठेवली असेल. हजार वर्षांनी कुणाला तरी कळावं म्हणून. तरुणपणी माणसं करतात असलं काहीतरी, आणि मग माझ्यापुढं येऊन तिची घाबरगुंडी उडाली असेल. मी श्वास सोडला. तेवढ्यात आपोलेना हसून म्हणाली, पण आमच्या लुहीची रीत जरा वेगळी आहे हं. इथं प्रत्येकानं बरणीत अशी वस्तू टाकायची, जी त्याला यापुढं नको आहे. आम्ही अजूनही तेच करतो. हा पाईप डॉक्टरसाहेबांचा. बायकोला शब्द दिला होता म्हणून टाकला, आणि आठवड्यात दुसरा आणला. कंगवीवाल्याला टक्कल पडलं होतं. लोक हसले. "आणि ही अंगठी," ती म्हणाली, "ही कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही. पण त्या उन्हाळ्यात कुणाचं तरी लग्न मोडलं, एवढं नक्की."

मी पेटीच्या काचेत यार्मिलाचा चेहरा शोधला. तो अंगठीच्या बरोबर वर होता.

"मोडलं नाही," ती म्हणाली. "माझी आहे ती."

आपोलेना आधी हरखली, मग तिच्या लक्षात आलं आणि ती गोंधळली. कुणीतरी मागून विचारलं, की मग तो बिचारा कोण होता. यार्मिलानं माझ्या उजव्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "हा काय, उभा आहे की." पुन्हा सगळे हसले, मीही हसलो बहुतेक. मग दंड सोडवून घेतला आणि बाहेर आलो.

ती लगेच आली नाही. चांगला वेळ लावला. आत काय करत होती? अंगठी मागत होती, की कोउत्नी जिवंत आहे का ते विचारत होती? तटबंदीच्या मातीच्या उंचवट्यावर एक म्हातारा ओक आहे, त्याखालच्या बाकावर मी बसलो. समोर गवतात जुन्या चर्चच्या पायाचे दगड मांडलेले. सगळं गेलंय, नुसता पाया कुठं होता तेवढं कळावं म्हणून दगड. मी मनात हिशेब लावत होतो. पेटीवर लिहिल्याप्रमाणे शुक्रवारी खड्डा बुजवला. शनिवारी मी आलो. म्हणजे ती मला सोडणार होती, आणि शनिवारी तेच सांगणार होती, आणि सांगितलं नाही. का नाही सांगितलं? मी पाण्यात शिरलो म्हणून. आणि मग कान गेला म्हणून. म्हणजे जिला मी बायको समजत आलो ती माझ्याकडं दंड भरत होती. स्वयंपाक, आईचं आजारपण, नवलकोल, सगळा दंड. डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. तेवढ्यात ती आली, पिशवीतून काप काढले, पावात घातले, काकडीची फोड ठेवली आणि माझ्या हातात दिलं. भूक नव्हती. मी खाल्लं.

मग तिनं सांगितलं. न विचारताच. फार सरळ सांगितलं, आणि मला तेही खटकलं. इतकं सरळ माणूस तेव्हाच बोलतं जेव्हा त्यानं ते खूपदा घोकलेलं असतं. म्हणाली, हो, मला तुला सोडायचं होतं. हिनेकचा काही संबंध नाही. त्याच्याशी भांडण झालं होतं, पुलाच्या खांबांच्या वयावरून, म्हणून पत्रांत लिहायचं बंद केलं. मला इथं राहायचं होतं. पुढच्या वर्षी कायमची जागा निघणार होती. आणि तू आईच्या वरच्या खोलीचे पडदेसुद्धा ठरवून टाकले होतेस, हिरवे, मला न विचारता. ते हिरवे पडदे डोळ्यांपुढं आले की मला श्वास घेता यायचा नाही. म्हणून टाकली अंगठी. शनिवारी तू सायकल टाकून पळत आलास आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"आणि मी पाण्यात होतो तेव्हा," मी म्हटलं, "तू काठावर बसून काय करत होतीस?"

"श्वास धरत होते," ती म्हणाली. "तू खाली गेलास की मीही धरायची. ठरवायची, आता वर आला की सांगते. आणि वर आलास की गाळानं भरलेलं तोंड पुसून तूच मला म्हणायचास, रडू नकोस, सापडेल. दर वेळी."

मला ते आठवत होतं. तिनं सांगेपर्यंत ते मला चांगलं वाटायचं. मी म्हटलं, म्हणजे दया आली. आणि मग कान गेल्यावर अपराधी वाटलं. यात मी कुठं होतो, यार्मिला? ती काही वेळ पावाचा चुरा झटकत राहिली. मला वाटलं आता रडेल, पण ती चिडली. अशी चिडलेली मी तिला फार वेळा पाहिलेली नाही.

"अपराधीपणा फार तर दोन वर्षं पुरतो, विलेम. पुढची वर्षं मी कशावर काढली असतील? जरा विचार कर. आणि माझंही काहीतरी बुडालं त्या नदीत. ते शोधायला कुणी उडी मारली नाही."

खरंच, त्या कायमच्या जागेबद्दल मी आज पहिल्यांदा ऐकत होतो. मी विचारलं, मघाशी आत एवढा वेळ काय करत होतीस. म्हणाली, ती मुलगी अंगठी परत देऊ करत होती. मी म्हटलं, ज्यानं घेतली होती त्याला विचारून सांगते. मग माझ्याकडं बघून म्हणाली, तर विचारतेय. घ्यायची का परत? मी त्या दगडांकडं बघत बसलो. घेतली तर काय होणार होतं? तिच्या बोटात आता ती शिरलीही नसती. आणि न घेतली तर ती कायम त्या काचेत राहणार, नको असलेली वस्तू म्हणून, आणि दर रविवारी लोक हसणार. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघ सावकाश, तिथून ती कुठं जात नाही.

बस थांब्याकडं जायला बंधाऱ्यावरून वाट आहे. एका बाजूला नदी, दुसरीकडं कुरण. ती उजवीकडं. मी थांबलो आणि म्हटलं, आज तरी डावीकडून चाल, जे बोलायचं ते माझ्या चांगल्या कानात बोल. जन्मभर बहिऱ्या बाजूनं बोलत आलीस. "नाही," ती म्हणाली आणि चालायला लागली. बघा, म्हटलं मनात. आजसुद्धा नाही. सगळं सांगून टाकल्यावरही हिला काहीतरी शिल्लक ठेवायचंच आहे. मी पुढं चालत राहिलो, मान खाली घालून, वाटेच्या मधोमध. ती तिकडं काहीतरी बोलत होती, त्या जर्दाळूंबद्दल असावं, उद्या काढले नाहीत तर गळून जातील वगैरे. आणि बोलता बोलता, वाक्य न तोडता, माझ्याकडं न बघता, तिनं माझी उजवी बाही कोपराशी पकडून मला आपल्याकडं ओढलं. मी एक पाऊल तिकडं सरकलो, आणि जिथं मी चालत होतो तिथून एक सायकल सूं करून गेली. मग दुसरी. तिसरा सायकलवाला मान वळवून काहीतरी म्हणाला. घंटा वाजवत होता म्हणे केव्हाचा. मी काही ऐकलं नव्हतं. यार्मिलानं बाही सोडली आणि जर्दाळूंचं पुढं चालू केलं.

मी कोपराकडं पाहिलं. लोकर तिथं ताणून ताणून विरली होती, आतला सदरा दिसत होता. हा स्वेटर मी मागच्याच हिवाळ्यात नवा घेतला होता. घरी कपाटात असे किती आहेत, कोट, स्वेटर, पावसाळी जाकीट, सगळ्यांची उजवीच बाही. आणि मी प्रत्येक वेळी तिच्या पिळण्याला नावं ठेवली होती, तिनंही कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. ब्रनोच्या रस्त्यांवर केवढ्या ट्रॅम, केवढ्या मोटारी. मला कधी कळलंच नव्हतं की त्या तिकडून येतात.

अंगठीचं मी काही ठरवलं नाही. पियानोच्या तारांच्या डब्यातलं ते कात्रण काढायचं मात्र ठरवलं, तिनं आधीच काढलं नसेल तर. एवढा संशय अजून आहे. मी उजवा हात शरीरापासून जरा बाजूला धरला, तिला पोचेल असा, आणि चालू लागलो. ती नदीकडं तोंड करून आणखी काहीतरी म्हणाली. मला अर्धंच ऐकू आलं. उरलेलं मी विचारलं नाही.